घरच्या खरकट्यावर शेगडी: सोलापूरच्या उन्हात बायोगॅसची टाकी कशी बसवायची

टाकी आणायच्या आधी एक काम करा, आठ दिवस घरातला ओला कचरा रोज रात्री वजनकाट्यावर ठेवून बघा आणि आकडा वहीत लिहा. आमचं घर जुळे सोलापुरात, माणसं सहा, आणि आमचा आकडा यायचा दीड किलोच्या आसपास. त्यात भाजीची देठं, काकडी-भोपळ्याच्या साली, शिळा भात, उरलेली आमटी, चहाचा चोथा, पोरांनी ताटात ठेवलेली भाकरी असं सगळं आलं. पाहुणे असले की अडीच. हा आकडा माहीत नसताना टाकी घेतली की एकतर टाकी उपाशी राहते नाहीतर अजीर्ण होतं, आणि मग लोक म्हणतात बायोगॅस आपल्याकडे चालत नाही. चालतो, आपल्याकडे तर पुण्यापेक्षा बरा चालतो, कारण हे काम करणारे जिवाणू 35 अंशाच्या आसपास सगळ्यात खूष असतात आणि सोलापुरात ऊब विकत आणावी लागत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावर आहे. ही टाकी म्हणजे कचराकुंडी नाही, हे पोट आहे. गाईच्या पोटात जे जिवाणू असतात तेच शेणाबरोबर आपण टाकीत आणतो आणि पाळतो. हवा लागू न देता ते अन्न कुजवतात, आधी एक टोळी अन्नाचं आम्ल करते आणि मग दुसरी टोळी त्या आम्लाचा मिथेन करते, म्हणजे जळणारा गॅस. पहिली टोळी भराभर काम करते, दुसरी सावकाश. एकदम जास्त खायला घातलं की आम्ल साठतं, दुसऱ्या टोळीला ते सोसत नाही, आणि गॅस बंद. जनावराला जसं रोज ठरल्या वेळी ठरलं तेवढंच वैरण-पाणी लागतं तसंच हे.

आता किती गॅस मिळेल ते खरं सांगतो, कारण यावर लोक फार फुगवून बोलतात. किलोभर ओल्या खरकट्यातून साधारण 100 लिटर बायोगॅस मिळतो. किलोभर शेणातून 40 लिटरच, कारण शेण म्हणजे आधीच एकदा पचलेला माल. घरगुती छोटी शेगडी तासाला 250 ते 400 लिटर घेते. म्हणजे दोन-अडीच किलो खरकटं रोज गेलं तर पाऊण-एक तास एक बर्नर चालतो, सकाळचा चहा, दूध, आणि एखादा कुकर निघतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर बायोगॅस म्हणजे साधारण 450 ग्रॅम एलपीजी, असा हिशेब धरला तर रोजच्या 250 लिटरमागे एकशे दहा ग्रॅमच्या आत-बाहेर एलपीजी वाचतो. 14.2 किलोचं जे सिलिंडर 40 दिवस जातं ते 58 दिवसांच्या आसपास जातं. सिलिंडर बंदच होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि यावर जनरेटर लावून घरची वीज करायचं तर डोक्यातूनच काढा, एक घनमीटरातून दीड-दोन युनिट मिळतात, आपला गॅस त्याच्या पाव भाग. वीज करायचं काम मोठ्या प्रकल्पाचं. आपल्याच तुळजापूर रोडला भोगावच्या कचरा डेपोवर तसा प्रकल्प उभा राहिला, तत्त्व हेच, फक्त माप वेगळं. घरात गॅस हा गॅस म्हणूनच जाळावा.

आमचा कचरा दीडच किलो, मग बाकीचं कुठून? कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. जात्याच्या भोवती सांडलेलं, झाडून गोळा केलेलं ज्वारी-गव्हाचं पीठ असतं, ते माणसाच्या कामाचं नसतं. ते पाव किलो पीठ गॅसच्या हिशेबात किलोभर खरकट्याएवढं काम करतं, कारण खरकट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त नुसतं पाणीच असतं. शेणाऐवजी पिठासारखा, साखरेसारखा माल घालून छोट्या टाकीत भागवता येतं हे पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिलं, त्या कामाला 2006 साली अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. मी खाली सांगतोय ती दोन टाक्यांची रचना त्याच धर्तीची आहे, मोठ्या टाकीत शेण-खरकट्याचा काला राहतो आणि त्यात उपडी घातलेली लहान टाकी गॅस धरते, गॅस साठला की ती वर येते.

सामान असं लागतं. पाण्याच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एक 1000 लिटरची आणि एक 750 ची. जुन्या चालतील, चिरलेल्या नकोत. दुकानात टेप घेऊन जा, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, आणि लहान टाकी मोठीच्या आत उपडी बसून सहज वर-खाली व्हायला पाहिजे. चहूबाजूंनी दोन बोटं ते तीन बोटं फट राहिली की बस, जास्त फट म्हणजे तेवढा गॅस हवेत. दोन्ही टाक्यांचा वरचा गळ्याचा भाग करवतीने गोल कापून काढायचा, कड कानशीने घासून घ्यायची. मोठ्या टाकीला तळापासून वीतभर वर भोक पाडून तीन इंची पाईप जोडायचा, एल्बो लावून तो टाकीच्या बाहेरून उभा वर न्यायचा, टाकीच्या काठापेक्षा थोडा वरपर्यंत, आणि तोंडाला मोठं नरसाळं. ही खायची वाट. काठाखाली चार बोटांवर दुसरं भोक, दोन इंची, ही स्लरी, म्हणजे पचून उरलेला पातळ काला, बाहेर पडायची वाट, त्याखाली बादली. तळाशी एक व्हॉल्व लावून ठेवा, कधी रिकामी करायची वेळ आली तर तो नसल्यावर फार हाल होतात. उपड्या टाकीच्या माथ्यावर अर्धा इंची टँक निपल आणि बॉल व्हॉल्व, तिथून गॅसची नळी. सगळ्या सांध्यांना वायसर नीट बसवा, वर एमसील. प्लंबर हे अर्ध्या दिवसात करून देतो, फक्त कापायच्या आधी त्याला कागदावर चित्र काढून दाखवा, आमच्या प्लंबरने पहिलं भोक चुकीच्या टाकीला पाडलं होतं.

जागा हा भाग नीट वाचा. भरलेली टाकी एक टनाच्या वर जाते. जमिनीवर फरशी टाकून ठेवता आली तर सगळ्यात उत्तम. गच्चीवर ठेवायची तर स्लॅबच्या मधोमध कधीच नाही, कॉलम-बीमच्या वर, आणि इंजिनिअरला दाखवून. जुन्या गावठाणात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं आहेत अजून, त्यावर तर अजिबात चढवू नका, अंगणातच ठेवा. दिवसातून पाच-सहा तास ऊन पाहिजे, वर मोकळं आकाश पाहिजे, आणि स्वयंपाकघर फार लांब नको. पाण्याच्या टाकीपासून, बोअरपासून दूर.

बसवून झालं की सगळं साध्या पाण्याने भरून एक रात्र ठेवा, गळती कळते. मग पाणी उपसून घ्या, वाया घालवू नका, तेच शेण कालवायला लागणार आहे.

शेण ताजं पाहिजे, गाईचं किंवा म्हशीचं, दीडशे किलोच्या आसपास. होटगी रोडच्या बाजूच्या एका गोठ्यावरून आम्ही टेम्पोत आणलं. तेवढंच पाणी घालून हाताने कालवायचं, काड्या, दगड, वाळू काढून टाकायची, आणि खायच्या वाटेने आत. उरलेली टाकी पाण्याने भरायची. नळाचं पाणी असेल तर एक-दोन दिवस उघडं ठेवून मग घाला, क्लोरीन उडून जाऊ दे, आपण जिवाणू सोडतोय आणि क्लोरीन त्यांना मारायलाच असतं. कोणाकडे चालू गोबर गॅस असेल तर त्यातली तीन-चार बादल्या स्लरी मागून आणा, विरजण लावल्यासारखं होतं ते, आठवडाभर तरी लवकर सुरू होतं. उपडी टाकी आत सोडताना माथ्यावरचा व्हॉल्व उघडा ठेवा म्हणजे आतली हवा निघून ती खाली बसते, बसली की बंद करा.

आता थांबायचं. पंधरा-वीस दिवस काहीही घालायचं नाही. उपडी टाकी हळूहळू वर यायला लागते. पहिली वर आलेली टाकी पेटवायची नाही, व्हॉल्व उघडून सगळा गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यायचा, दुसऱ्यांदाही तसंच. त्यात हवा मिसळलेली असते आणि हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की स्फोट होऊ शकतो, शिवाय पहिल्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, पेटतही नाही नीट. तिसऱ्यांदा भरली की शेगडीवर पेटवून बघा. टाकीच्या तोंडाशी काडी लावून बघायचा मोह होतो, तो कधीच करायचा नाही, पेटवायचं ते शेगडीवरच.

आमच्याकडे पहिली ज्योत पेटली ती संध्याकाळी. आई शेजारीच उभी होती, तिला आधी दिसलीच नाही ती, एवढी फिकट निळी. दिवा बंद केला तेव्हा दिसली. तिने हात वर धरून ऊब बघितली आणि काही न बोलता चहाचं पातेलं चढवलं. दोन कप चहाला साताठ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवसापासून भाजी चिरताना देठं कुठे ठेवायची ते तिला सांगावं लागलं नाही.

ज्योत नीट लागली की खायला घालणं सुरू. पहिल्या आठवड्यात रोज 200 ग्रॅम, पुढच्या आठवड्यात 500, मग किलो, असं करत चार-पाच आठवड्यांनी पूर्ण मापावर. घाई नाही. खरकटं मिक्सरमधून काढून घ्या किंवा हाताने कुस्करा, जेवढं बारीक तेवढं लवकर पचतं. भाकरीचे तुकडे, खास करून कडक भाकरी, रात्री भिजत घालून सकाळी टाका, कोरडी घातली तर पाईपातच अडकते. वेळ एकच ठेवा, आम्ही सकाळी आठला घालतो.

आणि पाणी. सोलापुरात हा प्रश्न पहिला येतो, नळाला रोज पाणी येत नाही आणि तुम्ही टाकीत पाणी ओतायला सांगताय. ओतायचं नाही. एका बाजूने खरकटं गेलं की दुसऱ्या बाजूने तेवढीच स्लरी बाहेर पडते, तीच पातळ स्लरी परत खरकट्यात कालवून आत घालायची. वर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाताची पेज, ताकाचं भांडं हिंदकळून धुतलेलं पाणी. बस. सुरुवातीला एकदा टाकी भरली की नंतर ताजं पाणी जवळजवळ लागतच नाही. फक्त साबणाचं पाणी, फिनेल, ब्लीच यातला थेंबही नको, आणि घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या, सिरप तर मुळीच नको.

काय घालायचं नाही ते अनुभवाने सांगतो. लिंबू-संत्र्याच्या साली नको, त्यातलं तेल जिवाणूंना सोसत नाही. डाळिंब आपल्याकडे पोत्याने येतं, दाणे बिघडले असतील तर घाला पण साली नको, फार तुरट असतात, त्या खतात टाका. हाडं, अंड्याची टरफलं, आंब्याच्या कोयी, नारळाची शेंडी, मक्याची बुरकुंडं, रसवंतीवरची चिपाडं हे काही पचत नाही, नुसतं साठतं. कांद्याची वरची सालं पचतात पण तरंगून वर थर धरतात, म्हणून थोडी. तेलकट घालायचं तर बेताने. शेंगा चटणी खराब झाली म्हणून वाटीभर एकदम टाकू नका, चार दिवसांत चमचा-चमचा घाला, तेलातून गॅस भरपूर निघतो पण एकदम गेलं की बिघडतं.

आमचं बिघडलं ते श्रावणात. घरी जेवणं होती, पुरण उरलं, कटाची आमटी उरली, भात उरला. मला वाटलं एवढा चांगला माल, टाकीला मेजवानी. एका दिवसात नऊ-दहा किलो घातलं. दुसऱ्या दिवशी टाकी एवढी वर आली की सगळे बघायला गच्चीवर, तिसऱ्या दिवशी शेगडी फुरफुरून विझली, आणि पाचव्या दिवशी स्लरीला आंबलेल्या ताकासारखा भपकारा. गॅस होता पण पेटत नव्हता, सगळा कार्बन डायऑक्साइड. दोन आठवडे गेले ते नीट व्हायला आणि त्या दोन आठवड्यांत मला वाटत होतं की आपण एक जिवंत वस्तू आजारी पाडली. तुमच्याकडे असं झालं तर खायला घालणं पूर्ण बंद, चार ते सात दिवस. केमिकलच्या दुकानात आम्ल किती ते दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या मिळतात, स्लरीत बुडवून बघा, 6.8 ते 7.5 मध्ये असेल तर ठीक, साडेसहाच्या खाली गेलं तर आजारी. खाण्याचा सोडा थोडा-थोडा पाण्यात विरघळवून घाला, रोज मूठभर, आणि दोन-तीन बादल्या ताजं शेणकाला. ज्योत परत स्थिर निळी झाली की पुन्हा 200 ग्रॅमपासून. समारंभाचं उरलेलं अन्न फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर वाटून घालता येतं, आता आम्ही तेच करतो.

शेगडीचं बघू. बायोगॅससाठी वेगळी शेगडी मिळते, ती घ्या. एलपीजीच्या शेगडीवर तसाच लावला तर पेटत नाही, कारण एलपीजीला एका भागामागे 25 च्या वर भाग हवा लागते आणि याला सहाच्या आसपास, शिवाय याचा दाब अगदी कमी. जुनी शेगडी वापरायचीच असेल तर कारागिराकडून जेटचं, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोटीचं भोक दोन मिलिमीटरपर्यंत मोठं करून घ्या आणि हवेची झडप बरीचशी बंद करा, पण मग त्या शेगडीला परत कधीच सिलिंडर जोडायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दाबासाठी उपड्या टाकीवर सात-आठ विटा सारख्या वाटून ठेवायच्या, वीस-बावीस किलो वजन होतं, ज्योत बऱ्यापैकी उभी राहते. विटा एका बाजूला झाल्या की टाकी तिरकी होऊन अडकते.

नळीत पाणी साठतं, कारण गॅस ओला असतो. म्हणून नळीला सगळीकडे उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी टी लावून एक उभी नळी पाण्याच्या बाटलीत वीतभर बुडवून ठेवा, ओल तिथे उतरते. ही बाटली बाहेर ठेवायची, घरात नाही, आणि उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटतं, दर रविवारी बघा, आटलं तर गॅस तिथूनच निघून जाईल. शेगडीच्या अलीकडे नळीत पितळी बारीक जाळीची गुंडाळी कोंबून ठेवा, ज्योत उलटी आत जायला नको. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, विषारी असतो आणि बर्नरही खातो. त्यासाठी पाईपाच्या एका तुकड्यात गंजलेला लोखंडाचा चुरा भरायचा आणि गॅस त्यातून न्यायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे चुरा मिळतो, पाणी शिंपडून आठ दिवस उन्हात ठेवला की गंजतो. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी यात कामाची नाही, ती गंजत नाही म्हणूनच. गळती बघायची ती साबणाच्या फेसाने, काडीने नाही. टाकीत डोकं घालून वाकून बघायचं नाही. गॅस सिलिंडरमध्ये किंवा ट्यूबमध्ये दाबून भरायचा उद्योग करायचा नाही. रात्री झोपताना व्हॉल्व बंद.

दोन टाक्यांमधल्या फटीत स्लरी उघडी राहते, तिथे डास होतात, म्हणून भोवती बारीक जाळी घट्ट बांधा. चैत्र-वैशाखात पारा 42-43 ला गेला की काळी टाकी फार तापते आणि जास्त ताप पण जिवाणूंना नको, तेव्हा दुपारपुरतं वरून शेडनेट किंवा जुनं पोतं. थंडीत डिसेंबर-जानेवारीत गॅस थोडा कमी होतो, खरकटं कोमट स्लरीत कालवून घाला.

बाहेर पडणारी स्लरी गटारात ओतू नका. पाचपट-दहापट पाणी घालून झाडांना द्या. आमचा कढीपत्ता दोन वर्षं कुंडीत नुसता उभा होता, स्लरी सुरू केल्यावर त्याला एवढे फुटवे आले की आता शेजारच्या काकू येऊन रोज तोडून नेतात आणि येताना स्वतःच्या घरातलं खरकटं डब्यात घेऊन येतात. मिरची, जास्वंद, टोमॅटो, सगळ्याला चालते. घट्ट तशीच ओतली तर मुळं जळतात.

गावाकडे ज्यांच्या घरी दोन-तीन जनावरं आहेत त्यांनी ही प्लास्टिकची टाकी करू नये, शेणाचा पक्का प्लांट करावा. 25 किलो शेणामागे घनमीटरभर गॅस, महाराष्ट्राच्या हवेत टाकीत शेण 40 दिवस राहील एवढं माप धरतात, आणि केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात एक घनमीटरपासून पुढे अनुदान मिळत आलंय, सध्या काय आहे ते पंचायत समितीत विचारा.

सुरुवात कधी करायची असं विचाराल तर सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडली की. फेब्रुवारीच्या मध्यात शेण भरलं तर थंडी गेलेली असते, मार्चच्या सुरुवातीला पहिली ज्योत लागते, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात टाकी पूर्ण मापावर खायला लागते. टाकी, पाईप, टेप हे सगळं जानेवारीतच जमवून ठेवा, आणि ते आठ दिवसांचं वजन आजपासून लिहायला घ्या.